खळ्यावरचं विमान

नवा माणूस भेटला की आपण त्याला नाव विचारतो, गाव विचारतो, आणि फार झालं तर आडवळणानं जात काढून घेतो. आमचे सायन्समास्तर वजन विचारायचे. कळंबच्या शाळेत मराठी शिकवायला म्हणून मी बार्शीहून आलो, तेव्हा मला स्टँडवरून न्यायला शाळेनं ह्यांनाच पाठवलं होतं. तंग पायजमा, कोपरावर ठिगळ लावलेला काळा कोट, आणि कोटाच्या खिशातून डोकावणारा लाकडाचा कसला तरी तुकडा. त्यांनी माझी ट्रंक उचलली, हवेत जरा झुलवून बघितली आणि म्हणाले, "पुस्तकं जास्त, कपडे कमी." मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून विचारलं, "तुमचं वजन किती असंल?"

मला काय सांगता येणार? वजन ज्वारीचं करतात, तुरीचं करतात. माझं कुणी कशाला केलं असतं? "न्हाय ना ठाऊक? कुणालाच न्हाय," मास्तर माझी ट्रंक खांद्यावर टाकत म्हणाले. "सोताचं वजन ठाऊक नसताना लोक उड्या मारायला निघतात."

हातात येईल ती वस्तू तळहातावर जोखून बघायची त्यांना खोडच होती. भाकरी जोखायचे, खडू जोखायचे, पोरांची दप्तरं जोखायचे. एकदा बारशाला गेले आणि तान्हं पोर दोन्ही तळहातांवर घेऊन सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "पावणेतीन शेर. आईपेक्षा बापावर गेलंय." पोराच्या आजीनं तिथल्या तिथं मीठमोहऱ्या ओवाळल्या. त्यानंतर बारशाला त्यांच्या एकट्या बायकोला बोलावणं यायचं.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक विमान होतं. खरं नव्हे, खेळण्यातलं. पण खेळण्यातलं असं त्यांच्यासमोर म्हणायची सोय नव्हती. सणकाडीचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद खळीनं चिकटवलेला, आणि नाकाशी हैदराबादच्या भंगार बाजारातून आणलेली एक लहानशी विजेची मोटार. ती लढाईच्या सामानातली होती म्हणे. मोटारीला पंखा आणि पंख्याला फिरवायला बॅटरी. आता उडण्याजोगी ताकद देईल अशी बॅटरी विमानात ठेवली तर विमान जागचं हलणार नाही, हे मलासुद्धा कळत होतं. म्हणून मास्तरांनी बॅटरी जमिनीवरच ठेवायचं ठरवलं होतं. मधे एक खांब रोवायचा, विमान दोन बारीक तारांनी त्या खांबाला बांधायचं, त्याच तारांतून वीज सोडायची, आणि मळणीचे बैल फिरतात तसं ते खांबाभोवती फिरवायचं. फरक एवढाच की हा बैल हवेत असणार.

"ह्यात अवघड असं काहीच न्हाय," ते मला सांगायचे. "फक्त तिघांचं जुळायला पाहिजे. मोटार, बॅटरी आन पंखा. पंखा मोठा लावला की मोटारीला ताप येतो. लहान लावला की ती नुसती किंचाळते, वढत न्हाय. बॅटरी हलकी असली तर दोघंबी उपाशी, आन लई भारी असली तर मोटार जळून खाक. तिघांत एकानं जरी मोठेपणा केला का, संसार बसला."

हे जुळवण्यात त्यांची किती वर्षं गेली कुणास ठाऊक. मी आलो तेव्हा त्यांनी पंचायतीच्या रेडिओची बॅटरी लावून बघण्याचा प्रयोग नुकताच उरकला होता. सरपंचांना 'तपासायला नेतो' म्हणून सांगितलं आणि घरी आणून जोडली. पंख्यानं दोन गिरक्या घेतल्या आणि थांबला. बॅटरी परत गेली तेव्हा तिच्यात काही उरलं नव्हतं, आणि संध्याकाळी अख्खा चावडीचा कट्टा मुक्या रेडिओसमोर बसून राहिला. सरपंच घरी येऊन बोलले, तर मास्तर त्यांनाच समजावत बसले. "रेडिओला ती पुरती, सरपंच. त्याला नुस्तं बोलायचं असतं. माझ्या पंख्याला काम करायचंय."

मग त्यांनी एका आडत्याकडून ट्रकची बॅटरी मागून आणली. आडत्याचा पोरगा मास्तरांच्याच वर्गात, त्यामुळं नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. ह्या बॅटरीनं पंखा असा फिरला की मोटारीवरून निसटून भिंतीवरून पलीकडं गेला आणि अंगणात बाजेवर वाळत घातलेल्या शेवयांत जाऊन रुतला. वहिनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळी, फार शांत बाई. त्यांनी शेवया झटकल्या, पंखा उचलून आणून दिला आणि मला म्हणाल्या, "भावजी, पाडव्याला शेवया कमी पडल्या तर मला बोलू नका. पंख्यानं खाल्ल्या म्हणा."

पुढं मी त्यांच्याच पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो, त्यामुळं हे सगळं मला रोज बघायला मिळालं. शाळेतून आले की मास्तर कोट काढून पंखा तासायला बसत. आधी बाभळीचा केला, तो जड झाला. उंबराचा चिरला. पांगाऱ्याचा छान हलका झाला, पण वाकू लागला. प्रत्येक पंख्याची परीक्षा वाण्याच्या जुन्या तराजूवर व्हायची. एका पारड्यात मोटार बांधायची, पंखा आभाळाकडं तोंड करून. दुसऱ्या पारड्यात वजनं. मोटार सुरू केली की पंखा तिला वर ओढायचा, पारडं हलकं व्हायचं, आणि किती तोळ्यांनी हलकं झालं ते मास्तर ओठांतल्या ओठांत मोजायचे. लगेच हाताची उलटी बाजू मोटारीला लावून बघायचे, पोराचा ताप बघावा तशी. "गरम हाय. पंखा जरा कमी जेवायला पाहिजे," म्हणायचे आणि कड खरवडायला घ्यायचे.

ते मोजणं मराठीत नसायचं. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि मास्तरांचं सगळं शिक्षण हैदराबादला, उर्दूतून झालेलं. सायन्ससुद्धा उर्दूतून. शाळा मराठी झाली, पुस्तकं मराठी झाली, पण मास्तरांच्या डोक्यातलं सायन्स काही उर्दू सोडायला तयार नव्हतं. भांडण मराठीत, जेवण मराठीत, आणि हिशेब आला की 'सात पंजे पैंतीस'. पुस्तकात 'बल' छापलेलं असायचं, वर्गात ते 'कुव्वत' म्हणून जायचे. पोरांना काही अडत नव्हतं. उलट परीक्षेत पोरंही बिनधास्त कुव्वत लिहायची. "बल म्हणा, जोर म्हणा, कुव्वत म्हणा," मास्तर म्हणायचे, "पारडं तेवढंच उठतंय."

आणि हे तिघांचं शास्त्र ते माणसांनाही लावायचे. शाळेतला प्रत्येक जण त्यांच्या लेखी मोटार तरी होता, बॅटरी तरी, नाहीतर पंखा. ड्रॉइंगमास्तर म्हणजे चांगली मोटार, पण बॅटरी उतरलेली. शिपाई म्हणजे अख्ख्या शाळेची बॅटरी. मी त्यांच्या हिशेबी पंखा. "वारा लई घालता तुम्ही," ते मला तोंडावर म्हणाले. माझ्यासाठी ईट गावाहून स्थळ आलं, तेव्हा मी त्यांना विचारायला गेलो. त्यांनी पत्रिकेकडं ढुंकून पाहिलं नाही. "मुलगी बोलकी हाय का?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, हो, चांगली बोलकी आहे. मास्तरांनी कपाळाला हात लावला. "एका घरात दोन पंखे. बघा बुवा." मी लग्न केलंच. दोन पंख्यांचा संसार उत्तम चाललाय, वारा भरपूर आहे, हे मला इथं आवर्जून सांगायचंय.

आता हेडमास्तरांकडं यायला हवं. ते तुळजापूरकडचे, तीन पिढ्या मास्तरकी केलेल्या घरातले. करडी शिस्त, पायात चकचकीत पंपशू, खिशात तपकिरीची चांदीची डबी. माणूस वाईट नव्हता, पण कोर्स संपला नाही की त्यांना झोप लागत नसे, आणि सायन्समास्तरांचा कोर्स कधीच संपत नव्हता. पंखा कसा तासावा ह्यात पोरांचे तासच्या तास जायचे. एका दिवशी स्टाफरूममध्ये, आम्हा सगळ्यांसमोर, हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं. "मास्तर, गॅदरिंगला तुमचं ते विमान सगळ्या गावासमोर उडवून दाखवा. उडालं तर सायन्स तुमच्याकडं. नाही उडालं तर पुढच्या वर्षापासून तुम्ही पाचवी-सहावीचा भूगोल घ्यायचा. सायन्सला मी दुसरा माणूस मागवतो."

मास्तर "जी" म्हणाले आणि घरी आले. त्या संध्याकाळी वहिनींनी मला हाक मारली. "भावजी, जरा येऊन बसा बरं त्यांच्यापाशी. भाकरी हातात घेऊन नुस्ते बसलेत. वजनसुद्धा केलं न्हाय."

भूगोल काही वाईट विषय नव्हे. पण ह्या माणसाकडून सायन्स काढून घेतलं तर मागं नुसता कोट उरला असता, हे मला लख्ख दिसत होतं.

गॅदरिंग जवळ येत चाललं आणि विमान काही उडेना. रोज शाळा सुटल्यावर मैदानात खांब रोवून आम्ही प्रयत्न करायचो. विमान झकास पळायचं, नाक वर करायचं, आता उठतंय म्हणेपर्यंत शेपटी टेकून कुत्र्यासारखं बसायचं. मास्तर म्हणायचे, पंखा जुळंना. नवा पंखा तासायचे. पुन्हा तेच. पुन्हा नवा. मी मराठीचा माणूस, मी मान डोलावण्यापलीकडं काय करणार? वहिनींकडं चूल पेटवायला टाकाऊ पंख्यांचा ढीग झाला होता.

शाळेचं मैदान खडबडीत, म्हणून शेवटी जागा ठरली गोदामायचं खळं. शाळेच्या कुंपणाला लागूनच. मळणी उरकली होती, खळं सारवून गुळगुळीत ठेवलेलं होतं आणि मधोमध बैल फिरायची मेढ तशीच उभी होती. मास्तरांनी मेढीवर दोन पितळी कड्या बसवल्या, म्हणजे विमान फिरेल तशा तारा फिरतील आणि पीळ पडणार नाही. आडत्याचा ट्रक तुरीची पोती भरून बार्शीला निघायचा होता. तो खळ्याच्या कडेला आणून उभा केला आणि त्याच्या बॅटरीला तारा जोडल्या.

सारा गाव लोटला होता. खळ्यावर चप्पल घालून कुणी जात नसतं, त्यामुळं कडेला पायताणांचा हा ढीग. हेडमास्तरही क्षणभर घुटमळले आणि पंपशू काढून नीट जोडीनं ठेवून आत आले.

एवढ्यात गोदामाय ताट घेऊन पुढं झाली. खळ्याची मालकीण, एकटीच्या जिवावर शेती करणारी सत्तरीची म्हातारी. तिनं मेढीला हळदकुंकू वाहिलं, ट्रकच्या बॅटरीला वाहिलं, विमानाच्या पंखावर बोटं ओढली आणि मग पदराआडून लिंबू-मिरची काढून विमानाच्या नाकाखाली, मोटारीच्या बुडाशी बांधायला घेतली.

मास्तरांचा चेहरा उतरला. "माय, लिंबू नगं. वजन वाढंल."

"वाढू द्या. माझ्या खळ्यावर पयल्यांदाच असलं जनावर फिरतंय. आन मास्तर, नजरंपरीस लिंबू हलकंच असतंय."

तिच्या खळ्यावर उभं राहून तिला नाही कोण म्हणणार? तिनं चांगली निरगाठ मारली. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "गेलं सायन्स." आणि जाऊन तार जोडली.

विमान पळालं. नाक उचललं. मी डोळे मिटून घेतले, कारण पुढचं मला पाठ होतं. पण लोकांचा जो गलका उठला तो हसण्याचा नव्हता. डोळे उघडून बघतो तर विमान छातीएवढ्या उंचीवरून मेढीभोवती फिरतंय. सरळ, एका लयीत, खाली लिंबू-मिरची लोंबतेय आणि गोदामाय हात जोडून उभी. पोरं विमानामागं पळायला लागली, बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

मास्तर मात्र आ वासून उभे होते. मग एकदम हसायला लागले, इतके की खाली बसले. "मराठी मास्तर," मला म्हणाले, "तिघांचं कधीचंच जुळलं होतं. मी उगं त्यांच्यावर आळ घेत बसलो. विमानच शेपटीकडं कललेलं होतं. लिंबानं नाक खाली आणलं, बस्स."

हे त्यांनी मला सांगितलं. गावानं आपला निकाल आधीच लावला होता. लिंबानं उडवलं, गोदामायच्या हातचं लिंबू, असा एकच बोलबाला झाला. हेडमास्तरांनी डबी काढली, चिमूट ओढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मास्तर, विमान उडालं, कबूल. मी शब्द पाळीन. पण हे सायन्सनं उडालं म्हणायचं, का लिंबानं?"

लोक हसले. मी मास्तरांचा कोट मागून ओढला. म्हटलं, जिंकलात, आता गप्प बसा. पण गप्प बसले तर ते मास्तर कसले.

"न्हाय साहेब. असं फुकट नगं मला," म्हणाले आणि विमान उतरवून लिंबू सोडलं. पुन्हा तार जोडली. विमान पळालं, नाक वर केलं आणि शेपटी टेकून बसलं. खळ्यावर सगळ्यांच्या तोंडून 'आऽऽ' निघालं. गोदामाय जिंकल्यासारखी सगळ्यांकडं बघत होती, आणि मी मनातल्या मनात मास्तरांना भूगोलाचं पुस्तक देऊन मोकळा झालो होतो.

मास्तर एका तळहातावर लिंबू-मिरची घेऊन माणसांतून फिरायला लागले. दुसऱ्या हातात कुणाचा अडकित्ता घ्यायचे, कुणाची किल्ली, जोखायचे, परत द्यायचे. फिरत फिरत हेडमास्तरांसमोर येऊन थांबले. "साहेब, जरा डबी द्या."

"ती माझ्या वडिलांची आहे," हेडमास्तर म्हणाले. पण सगळा गाव बघत होता. त्यांनी ती काढून दिली, अगदी सावकाश. मास्तरांनी डबी जोखली, लिंबू जोखलं, "बराबर" म्हणाले आणि त्याच दोऱ्यानं डबी विमानाच्या नाकाखाली बांधली.

विमान उठलं. लिंबानं उठलं होतं तितकंच सुरेख. चांदीची डबी उन्हात चमकत मेढीभोवती फिरायला लागली आणि तिच्याबरोबर हेडमास्तरांची मान.

मास्तर गोदामायपाशी गेले. "माय, डोक्यावरची घागर मागं कलली तर तुमी काय करता?"

"म्होरं वाकते. न्हायतर पडंल की."

"विमानाला वाकता येत न्हाय. म्हणून त्याच्या नाकाला वझं दिलं."

म्हातारीनं विमानाकडं बघितलं, डबीकडं बघितलं. "म्हंजी माझ्या लिंबानं वझ्याचं काम केलं."

"व्हय."

"आन नजरंचं बी केलं."

"ते मला मोजता येत न्हाय, माय," मास्तर म्हणाले. हेडमास्तर शेजारीच उभे होते. मान फिरवायची थांबवून ते मास्तरांकडं बघत राहिले.

मग काय विचारता. पोरं 'अजून एकदा' म्हणायची आणि मास्तर तार जोडायचे. दगड बांधून उडवलं, गुळाचा खडा बांधून उडवलं, वहिनींच्या चाव्या बांधून उडवलं. शेवटी विमान हळूहळू खाली येऊन खळ्यावर टेकलं आणि पुन्हा उठलं नाही. ट्रकच्या ड्रायव्हरनं स्टार्टर दाबला, तर आतून नुसतं कण्हल्यासारखं झालं. बॅटरीत जीव उरला नव्हता आणि वर तुरीची पोती.

आडत्यानं डोक्याला हात लावला. मग एकानं खांदा दिला, दुसऱ्यानं दिला, आणि बघता बघता सगळा गाव ट्रकला लागला. मी होतो, ड्रॉइंगमास्तर होते, आणि ट्रकच्या मागल्या फळीला खांद्याला खांदा लावून सायन्समास्तर आणि हेडमास्तर. रस्त्याच्या उतारापर्यंत ढकलत नेला तेव्हा कुठं तो धुराचा लोट सोडून सुरू झाला. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. आणि मग लक्षात आलं की सगळ्यांच्या वहाणा तिकडं खळ्यावर, आणि रस्त्याच्या कडेनं ही एवढी काटेरी सराट्यांची पसरण.

जो तो लंगडत परत निघाला. मी मागं वळून बघितलं. हेडमास्तर एका पायावर उभे होते, एक हात सायन्समास्तरांच्या खांद्यावर. मास्तर खाली बसून त्यांचा पाय मांडीवर घेऊन टाचेतला सराटा काढत होते.

"मास्तर, त्या म्हातारीला जे सांगितलंत, ते वर्गात पोरांना असंच सांगता?" हेडमास्तरांनी विचारलं.

"असंच सांगतो."

"कुव्वत म्हणता?"

"तोंडातून जातं, साहेब. सवय हाय."

हेडमास्तर म्हणाले, "जाऊ द्या. म्हणा. पण कोर्स तेवढा संपवत जा. सायन्स तुमचंच राहील. शब्द दिला होता म्हणून नाही सांगत."

मास्तर मान खाली घालून टाचेवर वाकून बसले होते.

"काटा निघाला का हो?" हेडमास्तरांनी विचारलं.

"केव्हाच निघाला," मास्तर म्हणाले, पण पाय काही सोडेनात.